१९२१ चा मॉर्गन डॉलर : चांदीचे किती, नाण्याचे किती

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आजोबा बोटीवर खलाशी होते, चिपळूणच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं एक मोठं चांदीचं अमेरिकन नाणं सापडलं, एका बाजूला बाईचं डोकं, खाली १९२१, मागे पंख पसरलेला गरुड, आणि अगदी बारीक एस असं अक्षर. सोनाराने वजन केलं तर २६.५ ग्रॅम भरलं. तो म्हणतो टंच कमी आहे, मोडीच्या भावाने घेतो. इकडे मोबाईलवर कोणीतरी व्हिडिओ पाठवला की असल्या डॉलरला लाखो मिळतात. तुमचे तीन प्रश्न आहेत, खरी किंमत काय, फोटोसाठी घासून स्वच्छ करू का, आणि डिसेंबरमध्ये भाऊ न्यू जर्सीहून येतोय त्याच्यासोबत तिकडे पाठवू का.

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, गेली २४ वर्षं हे चांदीचे डॉलर घेतो-विकतो, शनिवार-रविवार कॉइन शोमध्ये टेबल लावतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देतो कारण ते तातडीचं आहे. घासू नका. काहीही लावू नका. चिंच नाही, पितांबरी नाही, दंतमंजन नाही, रांगोळी नाही, नुसत्या फडक्यानेसुद्धा पुसू नका. कारण पुढे सविस्तर सांगतो पण हे वाचून होईपर्यंत घरात कोणी दिवाळीच्या ताम्हनाबरोबर ते नाणं घासायला घेऊ नये म्हणून आधी सांगितलं.

आता नाणं कुठलं ते. तुमच्या वर्णनावरून हा मॉर्गन डॉलर. जॉर्ज टी. मॉर्गन म्हणून एक इंग्रज कोरीवकाम करणारा होता, १८७६ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत कामाला आला आणि हे चित्र त्याचं. बाईचं डोकं म्हणजे लिबर्टी, त्यासाठी फिलाडेल्फियाची ॲना विलेस विल्यम्स नावाची शिक्षिका त्याच्यासमोर बसली होती. डोक्यावर टोपी, त्यात गव्हाच्या ओंब्या आणि कापसाची बोंडं खोवलेली, नीट बघा दिसतील. १८७८ ते १९०४ हे नाणं पडत होतं, मग मध्ये १७ वर्षं बंद, आणि परत फक्त १९२१ साली. तो जो बारीक एस आहे, मागच्या बाजूला पानांच्या हाराच्या गाठीखाली, तो सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा. काहीच अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया, ओ म्हणजे न्यू ऑर्लीन्स, दोन सी म्हणजे नेवाडातली कार्सन सिटी, आणि डी म्हणजे डेन्व्हर, पण डी फक्त १९२१ च्याच मॉर्गनवर सापडतो. १९२१ ची ही अक्षरं मुद्दाम बघायला भिंग लागेल इतकी छोटी आहेत त्यामुळे तुम्हाला ते दिसलं हेच चांगलं निरीक्षण आहे.

चांदीचा हिशोब सोपा आहे. नवं नाणं २६.७३ ग्रॅम, ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, अमेरिकेतल्या भाषेत ०.७७३४ ट्रॉय औंस (तिकडे सोनं-चांदी मोजायचं माप). इथे आम्ही सगळे हा आकडा तोंडपाठ ठेवतो, औंसाचा भाव ४० डॉलर असेल तर नाण्यातली चांदी ३०.९४ डॉलरची, ५० असेल तर ३८.६७ ची. तुमच्याकडे किलोचा भाव असतो म्हणून तसंच सांगतो. समजा किलोला १,००,००० रुपये, तर ग्रॅमला १०० आणि नव्या नाण्यात २,४०६ रुपयांची चांदी. तुमचं थोडं झिजलंय, २६.५ ग्रॅम, त्याचे ९० टक्के म्हणजे २३.८५ ग्रॅम, म्हणजे त्याच भावाने २,३८५. हा भाव मी फक्त हिशोब सोपा व्हावा म्हणून धरलाय, तुम्ही त्या दिवशीचा भाव टाका. सोनार टंच कमी म्हणतो ते खरंच आहे, नाणी ९० टंचाचीच पाडलेली आहेत, पण त्यासाठी ९० टक्के धरायचे की झालं, वर परत घट, परत मोड असं तीन-तीनदा कापायचं काही कारण नाही. तपासणीच्या मशीनवर ठेवायला सांगा, ९० च्या आसपास दाखवेल. आणि लक्षात ठेवा हा आकडा म्हणजे जमीन आहे, नाणं कितीही वाईट अवस्थेत असलं तरी त्याच्या फार खाली कोणी मागितलं तर द्यायचं नाही.

आता लाखोंचं. ते व्हिडिओवाले पूर्ण खोटं बोलत नाहीत, म्हणूनच लोक फसतात. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत हेच मॉर्गन डॉलर फक्त १,००,००० पडले. त्यातलं एक न वापरलेलं, अप्रतिम अवस्थेतलं नाणं २०२१ मध्ये २० लाख डॉलरच्या वर गेलं. हे खरं आहे. पण १९२१ साली काय झालं बघा, फिलाडेल्फियात ४ कोटी ४६ लाख ९० हजार, डेन्व्हरला २ कोटी ३ लाख ४५ हजार, आणि तुमच्या सॅन फ्रान्सिस्कोत २ कोटी १६ लाख ९५ हजार. एका वर्षात मिळून साडेआठ कोटींच्या पुढे. अक्षर एस दोन्हीकडे आहे, चित्र तेच आहे, म्हणून व्हिडिओत १८९३ चं नाणं दाखवायचं आणि बघणाऱ्याने आपल्या हातातलं १९२१ चं तेच समजायचं असा हा प्रकार. शंभर वर्षं जुनं आहे म्हणून महाग, हा आपल्याकडचा समज नाण्यांना लागू होत नाही. रोमन काळातली दीड हजार वर्षांची तांब्याची नाणी आमच्या शोमध्ये काही डॉलरला डब्यात पडलेली असतात.

बरं, किती पाडली हेही शेवटचं उत्तर नाही, किती उरली हे महत्त्वाचं. आणि इथेच मला ती गोष्ट सांगायचीय जी मी प्रत्येक मराठी माणसाला सांगतो, कारण तुमच्या हातातला १९२१ चा डॉलर अस्तित्वात आला तो थेट आपल्या रुपयामुळे.

पहिलं महायुद्ध चालू होतं. हिंदुस्थानातून कापूस, ताग, धान्य, कातडी, सगळं ब्रिटिश फौजांसाठी प्रचंड प्रमाणात विकत घेतलं जात होतं आणि त्याचे पैसे रुपयांत द्यावे लागत. शेतकरी आणि व्यापारी कागदी नोट घ्यायला नाखूश, त्यांना चांदीचा कलदार रुपया हवा, आणि मिळाला की तो घरात पुरून ठेवला जायचा, बाजारात परत यायचाच नाही. चांदी कमी पडायला लागली. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली, मग अडीच रुपयांची, चांदीच्या जागी निकेलची दोन आणे, चार आणे, आठ आणे अशी नाणी आली. पण लोकांचा विश्वास डळमळला होता, १९१८ च्या सुरुवातीला नोटा देऊन चांदी घ्यायला गर्दी उसळली आणि खजिन्यातली चांदी संपत आली. नोटेवर लिहिलंय रुपया देऊ आणि द्यायला रुपया नाही, ही वेळ येऊन ठेपली होती.

त्या वेळी जगात तयार चांदीचा सगळ्यात मोठा साठा एकाच ठिकाणी होता, अमेरिकन ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी खजिन्याच्या तळघरात, मॉर्गन डॉलरच्या थैल्यांमध्ये. का होता तेही सांगतो. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारला दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन त्याची नाणी पाडणं भाग होतं, नेवाडाच्या खाणवाल्यांची चांदी खपावी म्हणून. लोकांना एवढं जड नाणं खिशात नको होतं, त्यामुळे नाणी टांकसाळीतून निघायची आणि सरळ तळघरात जायची. कोट्यवधी नाणी, एकदाही हाताळली न गेलेली.

२३ एप्रिल १९१८ ला पिटमन कायदा झाला, नेवाडाचे सिनेटर पिटमन यांच्या नावाचा. ३५ कोटी डॉलरपर्यंत नाणी वितळवायची परवानगी. प्रत्यक्षात २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ वितळली, त्यातल्या २५ कोटी ९१ लाखांहून जास्त नाण्यांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानच्या रुपयासाठी विकली, औंसाला १ डॉलर या भावाने. ती चांदी मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत आली आणि पंचम जॉर्जचे रुपये झाली. हिशोब मला फार आवडतो. आपला कलदार रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, ९१.६७ टक्के चांदी, शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. डॉलरमध्ये २४.०६. म्हणजे एक मॉर्गन वितळला की सव्वादोन रुपये. ब्रिटनला विकलेल्या त्या सगळ्या डॉलरांची चांदी म्हणजे ५८ कोटी रुपयांची नाणी होतील इतकी. तुमच्या घरी आजीच्या पुतळ्या-मण्यांच्या डब्यात १९१८, १९१९ चे रुपये असतील तर बघा, मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक टिंब असलं तर ते मुंबईचं नाणं, आणि त्यातली चांदी त्याआधी कधीतरी लिबर्टीचं डोकं असण्याची चांगलीच शक्यता आहे. मी दरवेळी शोमध्ये टेबलावर एक १९१८ चा मुंबईचा रुपया एका मॉर्गनशेजारी ठेवतो, अमेरिकन गिऱ्हाइकं विचारतात हा इथे का, आणि मग मी सांगत बसतो. विक्रीपेक्षा मला त्यात जास्त समाधान मिळतं हे खरं सांगतो.

तर पिटमन कायद्यात अट होती की जेवढी नाणी वितळवली तेवढी चांदी नंतर अमेरिकन खाणींकडून औंसाला १ डॉलरनेच घ्यायची आणि परत डॉलर पाडायचे. म्हणून १९२१ ला घाईघाईने काम सुरू झालं. आणि घाई कशी, तर मॉर्गनचे मूळ साचे १९१० साली नष्ट केलेले होते. मॉर्गन तेव्हाही नोकरीत होता, म्हातारा झालेला, त्याने नव्याने साचा तयार केला, पण तो आधीच्या नाण्यांइतका खोल नाही, उठाव कमी. गरुडाच्या छातीवरची पिसं सपाट वाटतात, बाईच्या कानावरचे केस पुसट. सॅन फ्रान्सिस्कोची तर आणखी पुसट पडलेली आहेत. हे का सांगतोय, तर तुम्ही १८८१ च्या एखाद्या सुंदर मॉर्गनचा फोटो शेजारी ठेवून बघाल आणि म्हणाल आमचं किती झिजलंय, तर ती सगळी झीज नसते, थोडा भाग जन्मापासूनच तसा आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवं चित्र आलं, पीस डॉलर, आणि मॉर्गन संपला. २०२१ पासून टांकसाळ परत मॉर्गन काढते पण ती संग्राहकांसाठीची, ९९.९ टक्के चांदीची, त्याचा आपल्याशी संबंध नाही.

आता तुमच्या नाण्याची किंमत. १९२१ एस, वापरलेलं, २६.५ ग्रॅम म्हणजे साधारण पाव ग्रॅम झिजलेलं. अमेरिकेत असं नाणं चांदीच्या किमतीवर थोडे डॉलर चढवून विकलं जातं, बस. चांदी जेव्हा जोरात वर जाते तेव्हा हे वरचे डॉलरही कमी होतात, कारण दुकानदाराकडे विकणाऱ्यांची रांग असते आणि तो नुसता चांदीचा भाव देतो, कधी त्याहून थोडा कमी. म्हणजे सोनाराचं म्हणणं आणि व्हिडिओचं म्हणणं यात सोनार खऱ्याच्या पुष्कळ जवळ आहे. मला माहितीय हे ऐकायला बरं वाटत नाही. पण हेच खरं आहे आणि तुम्ही मला खरं विचारलंय.

मग वरचे पैसे कशाला मिळतात, तर पृष्ठभागाला. आमच्याकडे १ ते ७० असे गुण देतात, शेल्डन स्केल म्हणतात, ६० च्या पुढे म्हणजे व्यवहारात न वापरलेलं. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या संस्था नाणं तपासून गुण देऊन प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देतात. आता फरक बघा. १८८४ एस, ३२ लाख पाडलेली. झिजलेलं असेल तर साध्या मॉर्गनपेक्षा थोडंसंच महाग. न वापरलेलं असेल तर हजारो डॉलर. तारीख तीच, टांकसाळ तीच, चांदी तीच, फरक फक्त वरच्या थराचा. कारण ती वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत बहुतेक नाणी वापरात गेली, थैलीत बसून राहिली नाहीत. आणि उलट १८८१ एस, ती सव्वा कोटीच्या पुढे पडली आणि थैल्यांमध्ये तशीच राहिली, म्हणून १४० वर्षांचं लखलखीत नाणं साध्या माणसाला परवडतं. तुमच्या १९२१ एसचंही तसंच, ६५ गुणांचं नाणं मिळालं तर साध्याच्या कित्येक पट पैसे देणारे आहेत कारण इतकी नीट उठलेली आणि खरचटलेली नसलेली फार कमी आहेत. पण पाव ग्रॅम झीज झालेलं नाणं त्या वर्गात येत नाही.

साठा बाहेर आला की काय होतं त्याचं उदाहरण १९०३ ओ. न्यू ऑर्लीन्सचं हे नाणं १९६२ पर्यंत मॉर्गनमधलं सगळ्यात दुर्मिळ मानलं जायचं, यादीत किंमत १५०० डॉलर. सगळ्यांना वाटायचं १९१८ ला वितळली. १९६२ च्या शेवटी ट्रेझरीने नाताळच्या मागणीसाठी जुन्या थैल्या उघडल्या आणि त्यात हजारोंनी १९०३ ओ निघाली, काही महिन्यांत भाव ३० डॉलरच्या आसपास आला. मग लोक वॉशिंग्टनला ट्रेझरीबाहेर रांगा लावायला लागले, कागदी नोट द्यायची आणि १००० डॉलरची थैली घ्यायची. त्यात आणखी एक कारण होतं, १९६३ मध्ये चांदी औंसाला १.२९ डॉलरला पोचली, आणि ०.७७३४ ने गुणा, बरोबर १ डॉलर येतो. म्हणजे नाण्यावर लिहिलेली किंमत आणि आतली चांदी सारखी झाली. १९३२ ला हीच चांदी २० सेंटची होती. मार्च १९६४ मध्ये सरकारने डॉलर देणं बंद केलं, तेव्हा तळघरात जे ३० लाखांच्या आसपास उरले ते बहुतेक कार्सन सिटीचे होते, ते नंतर १९७२ ते १९८० मध्ये सरकारनेच टपालाने विकले. १९८० च्या जानेवारीत चांदी ५० डॉलरला टेकली तेव्हा लोकांनी पोत्याने डॉलर वितळवले. किती गेले याची नोंद कोणी ठेवली नाही, पिटमनच्या वेळी निदान आकडा तरी आहे.

आता घासण्याबद्दल, म्हणालो होतो ना सांगतो. टांकसाळीत साचा दाबला जातो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो, त्याच्या केसापेक्षा बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात, आणि नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. ही चमक धातूच्या त्या रेषांची असते. घासलं की त्या रेषा जातात. मग नाणं पांढरंफटक, आरशासारखं दिसतं, घरच्यांना वाटतं नवं झालं, आणि आमच्या डोळ्याला ते एका सेकंदात कळतं. वापरलेल्या नाण्यावर ती मूळ चमक नसली तरी खोलगट भागात शंभर वर्षांची काळपट झाक बसलेली असते, तिच्यामुळे चित्र उठून दिसतं, ती गेली की नाणं मेल्यासारखं दिसतं. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्या टेबलावर १८८९ चं कार्सन सिटीचं नाणं घेऊन आला होता, फक्त ३,५०,००० पाडलेली, चांगलं महाग नाणं. आईकडून मिळालेलं. मला दाखवायला येताना बरं दिसावं म्हणून आदल्या रात्री त्याने ते चांदीच्या पॉलिशने चोळलं होतं. मी त्याला अर्ध्याहून कमी किंमत सांगितली आणि तो किती वेळ नुसता नाण्याकडे बघत उभा राहिला ते मला अजून आठवतं. त्याने चांगल्या मनाने केलं होतं. म्हणून मी एवढं ठासून सांगतो.

काळं पडलंय म्हणता ते चांदीवर गंधक बसून होतं, आणि कधीकधी कापडी थैलीत वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यांवर निळा, जांभळा, केशरी असे रंग येतात, त्यासाठी लोक वेगळे पैसे देतात. हिरवट चिकट काही दिसत असेल तर ते मऊ प्लास्टिकच्या पिशवीतून सुटलेलं असतं, ते मात्र नाणं खातं, ते काढायला शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढतात, न चोळता. तसं नसेल तर काही करू नका. रबर बँड, वर्तमानपत्र, मऊ प्लास्टिक यापासून लांब ठेवा, कडक प्लास्टिकची नाण्याची डबी मिळते ३८ मिलीमीटरची, ती घ्या, आणि नाणं नेहमी कडेने धरा.

अजून एक बघा, कडेवर बारा वाजण्याच्या जागी म्हणजे बाईच्या डोक्याच्या वर डाख लावल्याची खूण आहे का. आपल्याकडे बाहेरून आलेल्या नाण्यांना कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होती, कडी काढली तरी डाखाचा डाग राहतो. तसं असेल तर ते नाणं संग्राहकाच्या दृष्टीने संपलं, फक्त चांदी. आणि डाखातली धातू टंच आणखी खाली आणते.

खोटं आहे का तेही तपासून घ्या, कारण मॉर्गनच्या नकला भरपूर फिरतात. १९२१ एससारख्या स्वस्त नाण्याची नक्कल कशाला करतील असं वाटेल पण करतात, पर्यटकांना विकायला. २६.५ ग्रॅम वजन हे चांगलं लक्षण आहे. व्यास ३८.१ मिलीमीटर हवा. लोहचुंबक चिकटता कामा नये. सगळ्यात खात्रीची परीक्षा पाण्याची, आणि ती घरी होते. सोनाराकडचा दोन दशांशांचा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला-कडेला लागू देऊ नका. काट्यावर साधारण २.५६ ग्रॅम दिसायला हवं. २६.५ भागिले २.५६ म्हणजे १०.३५, ९० टक्के चांदीची घनता तीच. तांबं-निकेल असेल तर आकडा ३ च्या जवळ जाईल. नंतर नाणं मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या, चोळू नका. शिवाय भिंगाखाली बाईच्या मानेच्या खालच्या टोकाला मॉर्गनचा बारीक एम दिसायला हवा, आणि मागे रिबिनीच्या डाव्या फाशावरही एक एम.

हे दुसऱ्या कोणालाही उपयोगी पडेल म्हणून जाता जाता सांगतो, १८९३ एस कोणी विकत असेल तर लिबर्टी शब्दातल्या टी या अक्षराच्या वरच्या दांडीत बारीक तिरकी उठावाची रेघ बघा, सगळी खरी नाणी पुढच्या बाजूच्या एकाच साच्यातून आलीत आणि त्या साच्यात ती रेघ आहे. फिलाडेल्फियाच्या नाण्याला एस चिकटवून विकणारे आहेत, त्यांच्या नाण्यावर ती रेघ नसते.

राहिला भावासोबत पाठवायचा प्रश्न. हे करू नका, आणि हे मी किमतीमुळे म्हणत नाही. आपल्याकडे १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट आहे, त्यात १०० वर्षं किंवा त्याहून जुनं कुठलंही नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि खासगी माणसाने ते देशाबाहेर नेणं बेकायदा आहे. नाणं अमेरिकेचं आहे, आजोबांनीच आणलंय, हे विमानतळावर समजावत बसायची वेळ भावावर आणू नका. १९२१ म्हणजे शंभरी उलटली. आणि नेऊन मिळणार काय, इथे गुण देणारी संस्था तपासणीचे आणि टपालाचे मिळून जेवढे डॉलर घेईल तेवढे या नाण्यावर चढणारही नाहीत. आमच्यातले जुने लोक साध्या झिजलेल्या १९२१ ला डबीत घालत नाहीत.

माझं मत विचाराल तर विकू नका. पैशांची अडचण असेल तर गोष्ट वेगळी, मग त्या दिवशीचा भाव घेऊन ९० टक्क्यांचा हिशोब स्वतः करून दोन-तीन सोनारांना विचारा, किंवा मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे परदेशी नाणी ठेवणाऱ्याला दाखवा, तो मोडीपेक्षा थोडं जास्त देईल कारण त्याला ते वितळवायचं नसतं. पण अडचण नसेल तर चांदी कुठे जात नाही, आणि आजोबांनी कुठल्या बंदरात, कशाच्या बदल्यात हे घेतलं असेल ते कागदावर लिहून डबीसोबत ठेवा. त्यांच्याबद्दल घरात कोणाला जे आठवतंय ते सगळं. नाण्याबरोबर आलेली माहिती नाण्याइतकीच टिकावी लागते, इथे माझ्याकडे दर आठवड्याला लोक डबे घेऊन येतात आणि म्हणतात आजोबांचे आहेत, यापलीकडे त्यांना एक शब्द सांगता येत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागची बाजू फ्लॅशमुळे पांढरी झालीय. खिडकीशेजारी उजेडात, फ्लॅश बंद करून तीन फोटो पाठवा, बाईचा कान आणि त्यावरचे केस, गरुडाची छाती आणि त्याखालचा एस, आणि कडेच्या दातांचा एक, डोक्याच्या वरची बाजू दिसेल असा. आणि पाण्यातला आकडा काय आला तो लिहा.